पाच पैशांचं जादा तिकीट

माझ्या साडूचा मला हेवा वाटतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे मी स्वतःची बाजू सावरत बसेन आणि वाचणाऱ्याला वाटेल, मास्तर मोठे सरळ मनाचे दिसतात. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. मूळचा शिरपूरकडचा, धुळ्याला त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. मी जळगावला सारी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात घालवली. तो माझ्याहून सात वर्षांनी लहान. मला 'भाऊ' म्हणतो, भेटला की वाकून पाया पडतो आणि उठताना असा हसतो की शेजारी उभी असलेली माणसंही हसायला लागतात. मी हसलो तर लोक विचारतात, काय झालं.

सासऱ्यांचा तो लाडका जावई होता. सासरे भुसावळला रेल्वेत होते, बोलणं मोजकं. मला पाहायला आले तेव्हा त्यांनी माझा पगार, घरभाडं आणि चष्म्याचा नंबर विचारला. ह्याला मात्र बोंडअळीबद्दल विचारलं आणि दोघं दोन तास बोलत बसले. पुढेही मी गेलो की सासरे पेपर उघडायचे आणि तो आला की पेपरची घडी घालून ठेवायचे. हे सगळं मी गिळलं. सासुरवाडीच्या मानपानावर काही माणसाचं आयुष्य अडत नाही, असं मी बायकोला म्हणायचो. ती म्हणायची, "मग दर वेळी सांगता कशाला?"

एक गोष्ट मात्र फक्त माझी होती, ती म्हणजे टपाल तिकिटं. दहाव्या वर्षापासून मी ती जमवतोय. रंगीत पक्षी आणि फुलपाखरं जमवणाऱ्यांतला मी नव्हे. मला तिकिटांत सरकारचा आवाज ऐकू येतो. सरकारला जनतेशी बोलायचं असतं, पण जनता भाषणाला येतेच असं नाही. पत्र मात्र घरात येतं, तेही मायेच्या माणसाचं, म्हणून लोक ते हातात धरून उलटसुलट बघतात. तेवढ्यात कोपऱ्यातलं ते बोटभर चित्र आपलं म्हणणं सांगून मोकळं होतं. स्वातंत्र्यानंतर पहिल्याच तिकिटावर तिरंगा आणि 'जय हिंद' आलं. मग धरणं, ट्रॅक्टर, यंत्रमाग आले. नव्या पैशांबरोबर देशाचा नकाशा आला, म्हणजे तुमच्या मामाच्या पत्राबरोबर देशाची हद्दही घरी येऊ लागली. पुढे कुटुंब लहान ठेवा म्हणून सांगणारं तिकीट आलं. कापूस वेचणाऱ्या बाईचं एक रुपयाचं तिकीट आलं, ते आमच्या वर्गातल्या मुलांना मी मुद्दाम दाखवायचो, कारण निम्म्यांच्या आया त्या वेळी तेच काम करत असायच्या. एका मुलीनं विचारलं होतं, "सर, हिच्या हाताला काटे कसे टोचलेले नाहीत?" सरकारी चित्रात काटे टोचत नाहीत, असं मी तिला सांगितलं. माझ्या साऱ्या नोकरीत मी दिलेलं हे सर्वांत चांगलं उत्तर असावं.

ह्या विषयावर मी प्रदर्शनासाठी सोळा पानांची एक चौकट तयार केली होती. एका चौकटीत सोळा पानं बसतात, तो संग्राहकांचा ठरलेला हिशेब. जिल्ह्यात चांगलं पदक मिळालं तरच राज्याच्या प्रदर्शनाला जाता येतं. मी तीनदा ठेवली आणि तीनदा मला कांस्य देऊन घरी पाठवलं. परीक्षक दर वेळी एकच म्हणायचे, विचार उत्तम आहे, पण ह्यात दुर्मीळ असं काही नाही. निवृत्तीनंतर माझी दुसरी काही इच्छा उरली नव्हती. एकदा, फक्त एकदा, ती चौकट जळगावच्या बाहेर जावी एवढंच मला हवं होतं.

आणि लॉकडाउनमध्ये साडूचा फोन आला. दुकान अर्धाच वेळ उघडं राहायचं, त्यामुळे त्याला करमत नव्हतं. "भाऊ, माले बी शिकाडा ना हाई तिकिटसनं," तो त्याच्या अहिराणीत म्हणाला, म्हणजे मलाही हे तिकिटांचं शिकवा.

मी हरखलो. आयुष्यात पहिल्यांदा त्याला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. व्हिडिओ कॉलवर मी त्याला पहिला धडा दिला. लिफाफ्याचा तिकिटाभोवतीचा तुकडा कापायचा, थाळीत कोमट पाणी घ्यायचं, तुकडा पालथा तरंगत ठेवायचा, डिंक सुटला की तिकीट आपोआप निसटतं, मग ते टीपकागदावर वाळवायचं. तो पोरासारखा खूश झाला. दुसरा धडा असा असतो की काही लिफाफे कधीच पाण्यात घालायचे नाहीत. तिकिटावर गावाचा शिक्का, तारीख, पत्ता, हे सगळं एकत्र असेल तर तो पुरावा असतो. तिकीट सोडवलं की पुरावा संपला. हा धडा मी त्याला पुढच्या आठवड्यात देणार होतो. पण पुढच्या आठवड्यापर्यंत त्यानं दुकानात येणाऱ्या शेतकऱ्यांकडून दोन पोती जुनी पत्रं गोळा केली होती. लोक त्याला घरच्या ट्रंका उघडून देत होते. मी चाळीस वर्षं पोस्टमनच्या विनवण्या करून जे जमवलं, ते ह्याच्याकडे चहाच्या कपावर चालत येत होतं. मग दुसरा धडा राहूनच गेला. म्हणजे मी तो राहू दिला.

त्याचा मुलगा बोहल्यावर चढला तेव्हा तर कहरच झाला. हल्ली पैसे भरले की टपाल खातं तिकिटाशेजारी तुमचा फोटो छापून देतं. ह्यानं नवरानवरीचा फोटो छापून घेतला आणि प्रत्येक आमंत्रणावर ते तिकीट लावलं. आमच्या लहानपणी तिकिटावर यायचं म्हणजे आधी देशासाठी काहीतरी करायचं आणि मग मरायचं, असा साधारण क्रम होता. त्याच सुमारास आमच्या चौकात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक लागला होता: साहेबांचा भारत सरकारच्या टपाल तिकिटावर सन्मान. कार्यकर्त्यांनी पैसे भरून तशीच तिकिटं काढली होती आणि लोक खरोखर अभिनंदनाला जात होते. तिकिटावर कोणी यायचं हे देशानं ठरवायचं असतं, यावर मी बायकोला अर्धा तास व्याख्यान दिलं. ती ऐकत ऐकत भाच्याचं तिकीट फ्रिजवर चिकटवत होती.

सासरे गेले, वर्षभरानं सासूबाईही गेल्या. भुसावळचं घर रिकामं करताना रेल्वेची एक पत्र्याची पेटी निघाली, तिच्यात सासऱ्यांना आलेली सगळी पत्रं होती. मी त्या पेटीबद्दल सासऱ्यांना दोनदा विचारलं होतं. "काय करता रद्दी घेऊन," असं म्हणून त्यांनी विषय संपवला होता. आता पेटीच्या झाकणाच्या आत त्यांच्या अक्षरात चिठ्ठी निघाली, पत्रं धाकट्या जावयाला द्यावीत. मी चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. निदान मला तसं वाटलं. बायको मात्र परतीच्या रस्त्यात माझ्याशी फार गोड बोलत होती.

त्या वर्षी भाऊबीज आटोपून आम्ही धुळ्याला गेलो. जेवण झाल्यावर साडूनं माझ्यासमोर पेटीतले गठ्ठे मांडले. बायका आत बोलत बसल्या होत्या. तो म्हणाला, यंदा जळगावच्या प्रदर्शनात तोही एक चौकट लावणार आहे. विषय अजून ठरला नव्हता, भाऊ सांगतील तो. मी हं हं करत लिफाफे उलटत होतो आणि सहाव्या की सातव्या लिफाफ्यावर माझा हात थांबला.

तो लिफाफा सासऱ्यांच्या थोरल्या भावानं पाठवलेला होता. ते शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यात राहायचे. तारीख एकाहत्तर सालची होती. त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातून माणसांचे लोंढे देशात येत होते आणि सरकारनं हुकूम काढला होता की प्रत्येक पत्रावर शरणार्थींसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावायचं. घाईत कुटुंबनियोजनाच्याच तिकिटावर नवा छाप मारून ते काढलं गेलं. काल सरकार म्हणत होतं, घरात माणसं कमी ठेवा. आज त्याच कागदावर म्हणत होतं, पाहुण्यांना जागा करा. माझ्या चौकटीसाठी ह्याहून चांगलं पान नव्हतं, आणि साधं छापील तिकीट माझ्याकडे होतंही. पण छापील तिकिटं पोचेपर्यंत काही ठिकाणी हाती असलेल्या तिकिटांवर गावातच रबरी शिक्का मारून काम भागवलं गेलं होतं. तसं गावातलं तिकीट, खऱ्या पत्रावर, खेड्याच्या टपाल शिक्क्यासह आणि तारखेसह, मी फक्त पुस्तकात वाचलं होतं. ते आता माझ्या हातात होतं. जांभळ्या शाईतली वाकडी अक्षरं, आणि खाली सासऱ्यांचं नाव.

खानदेशातल्या एका खेड्यानं देशाचं म्हणणं स्वतःच्या हातानं तिकिटावर उमटवलं होतं. माझी सोळा पानं जे ओरडून सांगत होती, ते ह्या एका लिफाफ्यात होतं.

साडू माझ्याकडे बघत होता. मी खूप वेळ थांबलो असणार, कारण त्यानं विचारलं, "काही खास शे का भाऊ?"

मी म्हणालो, "शिक्का जरा घाणेरडा पडलाय."

मी मागितला असता तर त्यानं तो लिफाफा मला दिला असता. त्याच क्षणी दिला असता, वर पाया पडला असता, आणि घरी सगळ्यांना सांगितलं असतं की भाऊंना हवा होता म्हणून दिला. मला ते नको होतं. सासऱ्यांनी मला जे नाकारलं ते ह्याच्या हातून दान म्हणून घ्यायचं माझ्यानं होईना. आणि गप्प राहिलो तर तो लिफाफा त्याच्या चौकटीत लागणार होता. परीक्षकांना तो दिसणार होता. मग जळगावच्या बाहेर कोण जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तेवढ्यात त्यानं तो माझ्या हातून घेतला, उजेडात धरला आणि सहज विचारलं, "मंग टाकू का भाऊ पानीमा?"

मी म्हणालो, "टाका ना."

एवढंच. ओरडलो नाही, फाडलं नाही, चोरलं नाही. दोन शब्द बोललो आणि वर सुपारी मागितली. घरी येताना बसमध्ये मला विलक्षण हलकं वाटत होतं, हेही लिहून ठेवतो. पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. तो होतो असं मी मुलांना शिकवायचो.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी साडू जळगावला आमच्या दारात हजर झाला. एका हातात वांग्यांची पिशवी होती, दुसऱ्या हातात पारदर्शक पाकीट. चप्पल काढायच्या आत त्यानं पाकीट माझ्या हातात ठेवलं. आत ते तिकीट होतं. स्वच्छ सोडवलेलं, सपाट वाळवलेलं, कडेचा एकही दाता न दुमडलेला. मी शिकवलं होतं अगदी तसं.

"हाई तुमनाकरता शे," तो म्हणाला. "त्या रोज तुमी याले किती टाइम देखत होतात. तुमना सरकारना पानवर लावा."

मी विचारलं, "आणि तुमची चौकट?"

"मी लावत नही. घरना घरमा शर्यत कसाले?"

लिफाफ्याचं विचारायची मला हिंमत झाली नाही. त्यानंच सांगितलं की पत्र जपून ठेवलंय, वरचं फाटकं पाकीट टाकून दिलं. बायको चहा घेऊन आली, तिनं ते तिकीट पाहिलं, तिच्या काकांच्या गावचं म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "हे लावाच हं." मी नाही म्हणायला कारण काय देणार? त्या दुपारी मी बारावं पान उकललं आणि छापील तिकिटाशेजारी ते लावलं. लावताना मला साडूचा पूर्वी कधी आला नव्हता एवढा राग आला. माणसानं इतकं चांगलं असूच नये. दुसऱ्याला वाईट वागायलाही धड जागा ठेवत नाही.

प्रदर्शन एका मंगल कार्यालयात होतं. पुण्याहून आलेले परीक्षक म्हातारे होते, भिंग घेऊन प्रत्येक पानासमोर थांबत होते. बाराव्या पानाशी ते फार वेळ थांबले. साडू माझ्या शेजारी नवा सदरा घालून उभा होता. परीक्षकांनी भिंग खाली केलं.

"हे कुठून मिळालं?"

"घरच्या पत्रावरून," मी म्हणालो.

"लिफाफा कुठंय?"

मी पान सरळ लागलंय का ते बघू लागलो.

ते हळहळून म्हणाले, "अहो, लिफाफ्यावर असतं तर ही चौकट मी डोळे मिटून वर पाठवली असती. नुसत्या तिकिटावरचा रबरी शिक्का काय, कोणीही घरी बसून मारेल. मी खरं धरीन, दुसरा कोणी धरणार नाही. इतकी वर्षं संग्रह करता आणि पाण्यात घातलंत?"

मी तोंड उघडायच्या आत साडू पुढे झाला. त्याचा चेहरा उतरला होता. "साहेब, त्यासनी नही. मी टाकं पानीमा. त्यासले काहीच माहीत नव्हतं. चूक मनी शे."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. आता बोलायचं होतं. वर्गात चाळीस मुलांसमोर मी हजारदा सांगितलं असेल की खरं बोलायला एक क्षण पुरतो, आणि तो क्षण माझ्यासमोर भिंग घेऊन उभा होता. मी चष्मा काढला आणि पुसायला लागलो. परीक्षक पुढच्या चौकटीकडे गेले. संध्याकाळी मला चौथं कांस्य मिळालं.

घरी आल्यावर बायकोनं ते बाकीच्या तीन पदकांशेजारी कपाटात ठेवलं. प्रदर्शनात काय झालं ते साडूनं तिला सांगितलं होतं. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच तिनं विचारलं, "धुळ्याला त्या दिवशी ते पाकीट तुम्ही हातात घेऊन पाहिलं होतं ना?"

"नीट नव्हतं पाहिलं," मी म्हणालो.

ती बरं म्हणाली आणि वांगी भाजायला गेली. त्या दिवसानंतर तिनं माझ्याशी तिकिटांबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

साडूनं मात्र तिकिटं सोडूनच दिली. सगळे अल्बम, पेटीसुद्धा, टेम्पोत घालून माझ्याकडे पाठवले. म्हणाला, माझ्यासारख्या अडाण्याच्या हातात हे नको. आता त्या साऱ्या पत्रांवर माझी मालकी आहे आणि मी एकही उघडलेलं नाही.

परवा दोंडाईच्याला नात्यातलं लग्न होतं. पंगतीत साडू माझ्या शेजारी बसला होता. समोर बसलेल्या, नात्यातल्याच एका आबांनी विचारलं, मास्तर, तुमचं ते प्रदर्शनाचं काय झालं. मी घास घेतला. साडूनं हात जोडले आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं की भाऊंचं मोठं मेडल होतं, ते "मनामुये गयं", पाण्यात घालायचं नसतं हे कळलं नाही, आजही रात्री आठवलं की झोप लागत नाही. सांगताना त्याचा आवाज खरोखर कापत होता. न केलेल्या पापाची कबुली तो किती सहज देत होता. ते पाहून मला त्याचा असा हेवा वाटला, जसा त्याच्या दुकानाचा, त्याच्या हसण्याचा, सासऱ्यांच्या पेटीचाही कधी वाटला नव्हता.

आबा हळहळले. म्हणाले, "जाऊ द्या मास्तर, त्याले काय समजस त्यामा? करी टाका माफ."

सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. साडूनं हात तसेच जोडून धरले होते.

आणि मी, चारचौघांसमोर, त्याला माफ केलं.